भागलेला उजेड पुन्हा गुणू नका

इंदूरच्या राजेंद्र नगरातून कॅट रोडनं पुढे गेलं की सुखनिवासच्या बाजूला एक मोठं आवार लागतं. २००५ पासून त्याचं अधिकृत नाव राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र असं आहे. पण १९८४ साली पाया घातला तेव्हापासूनचं ‘कॅट’ हेच नाव आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी बसलंय. त्या आवारात उजेड तयार होतो. इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रं तिथे आहेत. इंडस-२ चा घेर १७२.५ मीटर, इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. वेगातला इलेक्ट्रॉन चुंबकानं वळवला की तो प्रकाश टाकतो, आणि तो प्रकाश अंगावर घ्यायला देशभरातून नमुने येतात: प्रथिनांचे स्फटिक, धातूचे पापुद्रे, खडक, हाडं.

आज मला त्या यंत्राबद्दल नाही, त्यानंतरच्या एका भागाकाराबद्दल बोलायचं आहे.

यंत्रातून येणारा उजेड एकसारखा कधीच नसतो. तासागणिक त्यातला प्रवाह उतरतो, झोताचा एक भाग दुसऱ्यापेक्षा उजळ असतो. म्हणून क्ष-किरणांनी प्रतिमा घेताना नमुना बाजूला काढून नुसत्या झोताचं एक चित्र घेतात, झोत बंद करून दुसरं घेतात. अंधाराचं चित्र सगळ्यांतून वजा करायचं आणि नमुन्याच्या चित्राला नुसत्या झोताच्या चित्रानं भागायचं. मग जे उरतं ते नमुन्याचं, दिव्याचं नव्हे. शोषणाचे प्रयोग करणारेही नमुन्याच्या अलीकडे आयन चेंबर ठेवून आत किती उजेड गेला ते मोजतात आणि त्यानं भागतात. हा भागाकार न करता कुणी आलेख घेऊन आलं, तर कोणताही गाइड त्याला दारातूनच परत पाठवेल. पाठवायलाच हवं.

पुढचा प्रसंग रोज कुठे ना कुठे घडतो. तीच मोजमापं घेऊन विद्यार्थी भाड्याच्या खोलीत लॅपटॉप उघडतो. हाडाच्या तुकड्याचं त्रिमिती चित्र बनवतो, आतल्या भिंतींच्या जाडीप्रमाणे त्याला रंग देतो, शेजारी रंगपट्टी लावतो. आणि सॉफ्टवेअर न विचारता त्या हाडावर दिवे सोडतं. एका बाजूला चमक येते, दुसऱ्या बाजूला सावली पडते, चित्र उठून दिसतं. प्रयोगशाळेत जो उजेड भागून बाहेर काढला, त्याच्या जागी खोटा उजेड गुणून आत आणला. यावेळी मात्र गाइड ‘छान’ म्हणतात.

गुणला, हे मी शब्दशः म्हणतोय. योहान हाइनरिख लँबर्टनं १७६० साली मांडलेला नियम आजही प्रत्येक ग्राफिक्स कार्डात चालतो. पृष्ठभाग दिव्याकडे तोंड करून असेल तर पूर्ण उजेड; कलता असेल तर त्या कोनाच्या कोसाइनइतका. सॉफ्टवेअर ही संख्या घेतं आणि तुमच्या रंगाला तिनं गुणतं. तुमचा रंग म्हणजे तुमचा आकडा. म्हणजे आकडाच गुणला गेला.

हिशेब करून पाहा. रंगपट्टी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे १००. एका जागी मोजमाप ८० आहे. पृष्ठभाग दिव्याला समोर असेल तर ८० चाच करडा दिसेल. तोच ८० पंचेचाळीस अंशांच्या उतारावर गेला की ५७ च्या आसपासचा दिसतो. साठ अंशांवर कोसाइन अर्धा, म्हणून ४०. वाचक रंगपट्टीवर बोट ठेवतो आणि ४० वाचतो. त्याची काहीच चूक नाही. छापलेल्या चित्रात तो रंग ४० चाच आहे. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर थोडा सर्वदूर उजेडही मिसळतं, त्यामुळे घसरण इतकी तीव्र नसते. पण मग ती किती आहे हे वाचकाला शोधताही येत नाही.

यातला सर्वात वाईट प्रकार इंद्रधनुषी पट्टीचा, जिला मॅटलॅब हे सॉफ्टवेअर वापरणारे ‘जेट’ म्हणतात. तिच्या तळाला गडद निळा असतो, मग निळा, हिरवा, पिवळा, लाल, आणि टोकाला गडद लाल. आता ८८ च्या सुमाराचा भडक लाल रंग सावलीत न्या. तो गडद होतो, आणि गडद लाल म्हणजे त्या पट्टीवर १००! सावलीनं आकडा चढवला. तळाकडचा निळा सावलीत न्या, तो गडद निळा होतो, म्हणजे शून्याकडे सरकतो. तिथे सावलीनं आकडा उतरवला. एकाच चित्रात एकच दिवा एका टोकाला चूक वर ढकलतो आणि दुसऱ्या टोकाला खाली. अशा चित्रातून ‘कमाल ताण इथे आहे’ असा निष्कर्ष काढणारा माणूस फक्त सावली कुठे पडली ते सांगत असतो.

मॅटलॅबनं २०१४ मध्ये मूळ सेटिंगमधून जेट काढली आणि पारुला पट्टी आणली. मॅटप्लॉटलिबनं २०१७ मध्ये आवृत्ती २.० पासून मूळ सेटिंगमध्ये विरिडिस आणली. तरी जेट मरत नाही, कारण आधीच्या सीनियरची स्क्रिप्ट पुढच्या ज्युनियरच्या पेन ड्राइव्हवर जाते आणि ती पट्टी तिच्यासोबत जाते.

त्रिमिती चित्रं बनवायला पॅराव्ह्यू हे सॉफ्टवेअर उघडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यात दिव्यांची एक आयती जोडणी असते, फोटो स्टुडिओच्या धर्तीवर: एक मुख्य दिवा, एक सावली भरून काढणारा, मागून येणारे दोन, एक कॅमेऱ्यापाशी. यातला मुख्य दिवा मूळ सेटिंगमध्ये किंचित ऊबदार रंगाचा असतो आणि सावली भरणारा किंचित थंड. फोटोत चेहरा जिवंत दिसावा म्हणून छायाचित्रकार असं करतात आणि चेहऱ्यासाठी ते योग्यच आहे. पण तुमची पट्टी निळ्याकडून लालकडे जाणारी असेल, तर एका बाजूला लालसर झाक आणि दुसऱ्या बाजूला निळसर झाक टाकणारे दिवे तुमच्या मोजमापातच हात घालतात.

चमकेचंही तसंच. ब्वी तुओंग फाँग या तरुण संशोधकानं युटा विद्यापीठात १९७३ मध्ये चमकेचं गणित मांडलं आणि त्यानंतर दोनच वर्षांत तो गेला. त्याच्या सूत्रानं गुळगुळीत गोलावर जो पांढरा ठिपका उमटतो, त्यावर संगणकातलं निम्मं सौंदर्य उभं आहे. पण निळा-पांढरा-लाल अशी पट्टी लावलेल्या चित्रात पांढरा म्हणजे मध्य, बहुतेकदा शून्य. लाल भागाच्या मधोमध चमक पडली की सर्वात जास्त आकड्याच्या छातीवर शून्याचा डाग बसतो. परीक्षक विचारतात, ‘इथे अचानक शून्य कसं?’ विद्यार्थी उत्तर शोधत बसतो, आणि शोधून काढतोही. न घडलेल्या गोष्टीचं स्पष्टीकरण विज्ञानात शिरतं ते अशा वाटेनं.

दिवा कॅमेऱ्याला बांधलेला असेल तर चित्र फिरवताना एकाच बिंदूचा रंग बदलत जातो. राजवाड्याजवळ माहेश्वरी साडी घेणारी बाई दुकानातल्या दिव्यांवर विसंबत नाही. पायरीवर येऊन दिवसाच्या उजेडात पदर उलगडते. संशोधकांकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं राहत नाही. आमच्या भागाचा उंचीचा नकाशा घ्या. इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. महूच्या पुढे पातालपाणीपाशी विंध्याची कड तुटते आणि जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे दक्षिणेला उतरते. नकाशा करणारे उंचीला रंग देतात आणि डोंगर उठून दिसावा म्हणून त्यावर हिलशेड, म्हणजे कल्पित सूर्याची छाया, मिसळतात. हिलशेडचा सूर्य वायव्येला, ४५ अंश उंचीवर ठेवायची जुनी रीत आहे. मग विंध्याचा दक्षिणेकडे तोंड केलेला सगळा उतार सावलीत जातो. हिरवा काळपट होतो, पिवळा मातकट होतो, आणि हे काळपट-मातकट रंग शेजारच्या सूचीत कुठेच नसतात. ज्या कड्यावर उंची सर्वात झपाट्यानं बदलते, जिथे नेमका आकडा हवा, तिथेच नकाशा वाचता येत नाही. पाणलोटाच्या कामासाठी असा नकाशा समोर ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी विचारेन: समोच्च रेषा कुठे आहेत?

आता विरुद्ध बाजू, कारण ती पोकळ नाही. उजेड काढून टाकला तर त्रिमिती आकार सपाट होतो. हाडातली पोकळी आणि उंचवटा एकमेकांत मिसळतात. आकार डोळ्याला कळतो तो मुख्यतः छायाप्रकाशामुळे, आणि प्रथिनाची खाच कुठे आहे हे पाहायचं असेल तर छाया हवीच. दुसरा मुद्दाही लोक मांडतात: डोळा सावली वजा करून रंग ओळखतो, मग बिघडलं कुठे? एमआयटीच्या एडवर्ड एडेलसन यांचं १९९५ चं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. सावलीतलं पांढरं घर आणि उजेडातलं काळं घर छपाईत अगदी एकाच करड्या रंगाचं आहे, तरी डोळा दोन वेगळे रंग पाहतो. डोळा सावली वजा करतो हे खरंच. पण रंगपट्टी त्या दृश्यात नसते. ती बाजूला सपाट उभी असते, तिच्यावर कोणतीच सावली नसते. वस्तूच्या रंगातून सावली वजा करायची आणि मग तो रंग सावली नसलेल्या पट्टीशी जुळवायचा, हे काम डोळा अंदाजानं करतो. आकडा वाचायला अंदाज पुरत नाही.

म्हणून यावर विचार करणाऱ्यांनी मार्गही काढले आहेत. अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या केनेथ मोरलँड यांनी २००९ मध्ये मांडलेला विचार मला सर्वात प्रामाणिक वाटतो. त्रिमिती पृष्ठभागावर गडद-उजळ हा फरक छायेच्या वाट्याला गेलेला असतो. मग रंगपट्टीनं तो आपल्याकडे ओढू नये. त्यांनी थंड निळ्याकडून फिक्या राखाडीमार्गे ऊबदार लालकडे जाणारी पट्टी तयार केली, जिच्यात काळपट रंग नाहीतच. म्हणजे गडदपणा दिसला तर तो सावलीचा, आकड्याचा नव्हे. पॅराव्ह्यूनं ती पट्टी पुढे अनेक वर्षं मूळ सेटिंगमध्ये ठेवली. मात्र चमक बंद ठेवली तरच या पट्टीचा उपयोग, नाहीतर वर सांगितलेला शून्याचा डाग पुन्हा येतो.

रंगाच्या चुकीची किंमत काय असते याचा एक चांगला पुरावा हार्वर्डमधल्या मिशेल बोर्किन आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या कामात आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या धोक्याच्या जागा त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शोधायला दिल्या. इंद्रधनुषी पट्टी लावलेल्या त्रिमिती चित्रात त्यांना ३९ टक्के जागा सापडल्या. सपाट उलगडलेल्या आकृतीत, दोन बाजूंनी गडद होत जाणाऱ्या पट्टीसह, ९१ टक्के. इथे पट्टी आणि आकृती दोन्ही बदलल्या होत्या, त्यामुळे सगळं माप उजेडाच्या पदरात टाकणं बरोबर नाही. पण ज्या चित्राला आपण ‘वास्तव’ आणि ‘प्रभावी’ म्हणतो, त्यात रुग्णाच्या धोक्याच्या साठ टक्के जागा नजरेतून सुटल्या, हे मला पुरेसं गंभीर वाटतं.

इंदूरकर या नात्यानं मला आणखी एक गोष्ट लागून राहते. रंग आणि उजेड यांचं नातं या शहरानं फार आधी, फार मनापासून शिकवलेलं आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली १९२७ पासून इथल्या चित्रकला शाळेत पोरं घडली: नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, विष्णु चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन. उन्हातली पिवळी भिंत आणि सावलीतली तीच पिवळी भिंत हे चित्रकारासाठी दोन वेगळे रंग आहेत, आणि सावलीतल्या भिंतीला जांभळी छटा देणारा चित्रकार खरं बोलत असतो. त्याचं इमान उजेडाशी आहे. वैज्ञानिक आकृती काढणाऱ्याचं इमान मोजमापाशी आहे. त्यानं तीच भिंत सावलीत जांभळी केली तर तो खोटं बोलला, मग चित्र कितीही देखणं असो. वैज्ञानिक चित्रांना ‘कलात्मक’ म्हणून बक्षिसं देणाऱ्या स्पर्धा मला आवडतात. पण त्या चित्रांसोबत रंगपट्टी छापू नये, एवढंच म्हणणं आहे. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या चित्रांना तर हे दुप्पट लागू आहे, कारण तिथे दिव्यांच्या पलीकडे रंग बदलण्याची आणखी एक पायरी आहे. २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून एजीएक्स नावाचं रूपांतर मुळातच चालू असतं आणि ते प्रत्येक रंग सिनेमाच्या फिल्मसारखा मऊ करून देतं. आकडे दाखवायचे असतील तर तिथे ‘स्टँडर्ड’ निवडा.

खोलीतल्या उजेडाबद्दल थोडक्यात. पडद्यावरच्या रंगांचं जे एसआरजीबी मानक आहे त्यात पाहणाऱ्याच्या भोवतीचा उजेड ६४ लक्स धरलेला आहे, म्हणजे बऱ्यापैकी मंद. गडद छटा बाहेरच्या उजेडात बुडू नयेत म्हणून एक्स-रे वाचणारे डॉक्टर खोली मंद ठेवतात, आणि त्यांच्या डायकॉम मानकात खोलीचा उजेड हिशेबात धरलेला असतो. आपल्या सेमिनार हॉलमध्ये मात्र सगळ्या ट्यूबलाइट चालू, खिडकी उघडी, आणि प्रोजेक्टरवर काळ्या-जांभळ्यापासून सुरू होणारी पट्टी. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही; पडद्यावरचा काळा म्हणजे खोलीत जेवढा उजेड असेल तेवढा. पट्टीचा खालचा पाव भाग एका राखाडी पट्ट्यात बुडतो आणि वक्ता ‘इथे फरक दिसतोच आहे’ म्हणत पुढे जातो. फरक फक्त त्याला दिसतो, कारण तो लॅपटॉपकडे बघतोय. उठा आणि पुढच्या ट्यूबलाइट बंद करा.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही कॅटमध्ये असा, सिमरोलच्या आयआयटीत असा किंवा देवी अहिल्या विद्यापीठात, करायचं आहे ते अवघड नाही. रंगातून आकडा सांगायचा असेल तर पॅराव्ह्यूत अँबियंट १, डिफ्यूज ०, स्पेक्युलर ० करा. मॅटलॅबमध्ये तुम्ही स्वतः दिवा लावल्याशिवाय तो लागत नाही. तेव्हा लावू नका. आकारही दाखवायचा असेल तर दोन चित्रं शेजारी ठेवा: एक राखाडी, पूर्ण छायेसह, आकारासाठी, दुसरं बिनउजेडाचं, रंगासाठी. एकाच चित्रात दोन्ही हवं असा हट्ट असेल तर पृष्ठभागावर समान मूल्याच्या रेषा काढा आणि रेषेवर आकडा लिहा. दिवा कुठूनही आला तरी ५० ची रेषा ५० चीच राहते. अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीनं भाकीत केलेल्या प्रथिनांच्या रचनांना विश्वासार्हतेचे रंग देणाऱ्यांनी तर छाया बंदच ठेवावी. तिथे गडद निळा म्हणजे ९० च्या वर आणि फिका निळा म्हणजे ७० ते ९०, आणि या दोन निळ्यांच्या मध्ये सावली सहज शिरते.

गाइड मंडळींना माझी विनंती नाही, मागणी आहे. सर, मॅडम, तुम्ही वाय-अक्षावरची एकके तपासता, त्रुटीपट्ट्या (एरर बार) दिल्या नाहीत म्हणून आलेख परत करता. रंगवलेल्या त्रिमिती चित्राखाली ‘उजेड: बंद’ किंवा ‘उजेड: चालू, रंग केवळ सूचक’ यांपैकी एक ओळ नसेल तर तेही परत करा. व्हायवात एक प्रश्न विचारा: या ठिपक्याचा मूळ आकडा किती आणि छापलेल्या चित्रात रंगपट्टीवर तो किती वाचता येतो? विद्यार्थ्यानं समोर बसून दोन्ही काढून दाखवावेत. रंग वाचणाऱ्या पिकर टूलनं दोन मिनिटांत होतं. जर्नलांच्या संपादकांना, विशेषतः आपल्या देशातल्या, हेच सांगायचं आहे. आकृतीचं रिझोल्यूशन ३०० डीपीआय आहे का हे तुम्ही आवर्जून विचारता. त्या ३०० डीपीआयमध्ये छापलेला रंग आकड्याशी जुळतो का, हेही विचारा.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळकरी मुलांना प्रयोगशाळा दाखवल्या जातात. भिंतींवर रंगीत त्रिमिती पोस्टर लागतात आणि मुलं पट्टीवर बोट ठेवून विचारतात, ‘हा लाल म्हणजे किती?’ त्या प्रश्नाला खरं उत्तर देणारी पोस्टरं लावणं हे संस्थांचं काम आहे.

आणि ज्यांची चित्रं आधीच छापून गेली आहेत, त्यांच्याकडे मूळ फाइल अजून असेल. ती उघडा, दिवे बंद करा, पुन्हा रेंडर करा, जुनी आकृती शेजारी ठेवा. मजकुरात ज्या जागेबद्दल दावा केला आहे त्या जागेवर पिकर नेऊन आकडा बघा. जुळला तर उत्तम. नाही जुळला तर नवी आकृती दुरुस्ती म्हणून जर्नलकडे पाठवा आणि दावा बदलत असेल तर तेही त्यात लिहा.